रिकामटेकड्यांचा तेरावा अल्बम

‘रिकामटेकडे’ हे नाव खरं तर शिट्टीबाईंच्या सासूबाईंनी दिलेलं. चाळीस वर्षांपूर्वी चार तरुण माणसं त्यांच्या घरातल्या मागच्या खोलीत जमायची आणि भिंतीवरची चित्रं वाकडी होतील इतका दणदणाट करायची. सासूबाई दार ढकलून विचारायच्या, "झालं का रिकामटेकड्यांचं?" पहिल्या कार्यक्रमाच्या पत्रकावर ग्रुपचं नाव काय छापायचं हा प्रश्न आला, तेव्हा कुणालाच दुसरं काही सुचेना. तेच छापलं. पुढे त्याच नावाने बारा अल्बम निघाले. एक काळ असा होता, की न्हाव्याच्या दुकानात जा, बसमध्ये बसा, नाहीतर शाळेच्या सहलीला जा, रिकामटेकड्यांची गाणी कानावर पडल्याशिवाय राहायची नाहीत.

चौघांपैकी ड्रम वाजवणारा तो शिट्टीबाईंचा नवरा. ग्रुपमध्ये त्याला दणक्या म्हणत. शिट्टीबाई स्वतः पस्तीस वर्षं शाळेत कवायत शिकवत होत्या. हे नाव पोरं त्यांच्या पाठीमागे घ्यायची. निवृत्तीच्या निरोप समारंभात खुद्द मुख्याध्यापकांच्या तोंडून ते भाषणात निसटलं, आणि मग लपवण्यासारखं काही उरलं नाही.

नवऱ्याच्या गाण्यांशी त्यांचं फारसं सख्य नव्हतं. भांडण नव्हतं, पण गोडीही नव्हती. ज्या गाण्यात ‘वेड’ हा एकच शब्द नऊ वेळा येतो त्याला गाणं का म्हणायचं, असा त्यांचा साधा प्रश्न होता. शिवाय त्यांची शाळा सकाळी सातची आणि रिकामटेकड्यांचा दिवस सुरू व्हायचा संध्याकाळी. संसार छान झाला, मुलगी मोठी होऊन आपल्या घरी गेली, पण अडतीस वर्षांत शिट्टीबाईंनी रेकॉर्डिंग स्टुडिओचं तोंड पाहिलं नव्हतं.

बाराव्या अल्बमनंतर चौदा वर्षं सामसूम होती. दणक्याचे ड्रम चादरीखाली झाकून ठेवले होते आणि त्यांच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवायची सोय झाली होती. मग एके सकाळी अक्काचा फोन आला. अक्का म्हणजे ग्रुपची कीबोर्डवाली. वयाने सगळ्यांत मोठी, गायकाची सख्खी बहीण, आणि सगळे शब्द आणि चाली तिच्याच.

"दहा चाली झाल्यात," अक्का म्हणाली. "अल्बम करायचा. मी एकाहत्तरची आहे, तेव्हा विचार करायला वेळ मागू नका."

दणक्याने फोन ठेवला आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. चेहरा असा, की लॉटरी लागली की दात दुखतोय ते कळू नये.

"तेरावा अल्बम करायचाय म्हणते अक्का."

"अरे देवा," शिट्टीबाई म्हणाल्या. "दुष्काळात तेरावा महिना."

तो इतका हसला की त्याला खुर्चीत बसावं लागलं. लगेच उलटा फोन लावून त्याने अक्काला ते सांगितलं, अक्काने तिच्या भावाला, आणि संध्याकाळपर्यंत अल्बमचं नाव ठरलंसुद्धा: ‘तेरावा महिना’. सासूनंतर आता सुनेनंही नाव दिलं, असं म्हणत दणक्या दोन दिवस घरात फिरत होता.

शिट्टीबाईंना स्टुडिओत जावं लागलं ते मोतीबिंदूमुळे. रेकॉर्डिंगच्या आठवडाभर आधी दणक्याच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी महिनाभर गाडी चालवायला मनाई केली. वाजवायला मनाई केली नाही, कारण दणक्याने ते विचारलंच नाही. मग ड्रम मागच्या सीटवर, काळा चष्मा लावलेला नवरा शेजारी, आणि शिट्टीबाई स्टिअरिंगवर, अशी वरात रोज सकाळी निघू लागली.

"रेकॉर्डिंग रात्री असतं ना तुमचं?" त्यांनी विचारलं.

"असायचं. आता दहा ते चार. बुलबुलला नऊ वाजता झोप येते."

बुलबुल म्हणजे गायक, अक्काचा धाकटा भाऊ. पूर्वी त्याच्या नुसत्या केस उडवण्याने पुढच्या चार रांगा किंचाळायच्या. आता केस उडवण्याजोगे राहिले नव्हते, पण मान तशीच झटकायची सवय शिल्लक होती. गळ्याला मफलर, हातात गरम पाण्याचा थर्मास. चौथा गिटारवाला, लांब्या. उंचीला जेवढा जास्त, बोलायला तेवढा कमी. दिवसाला एक वाक्य हा त्याचा रतीब होता आणि एखाद्या दिवशी तेही चुकायचं.

स्टुडिओ एका जुन्या गोदामाच्या तळघरात होता. बारा पायऱ्या उतरायच्या, मग गादीसारखं जाड दार, ते मागे बंद झालं की कानात कापूस घातल्यासारखं वाटायचं. एका बाजूला वाजवणाऱ्यांची खोली, भिंतींना राखाडी फोम, जमिनीवर गालिचा आणि त्यावर वायरींचं जाळं. मधे मोठी काच. काचेच्या अलीकडे बटणांचं लांबलचक टेबल, आणि त्यामागे रेकॉर्डिस्ट बाई. पस्तिशीची, केस आखूड, कानामागे पेन्सिल. तिने मान वर करून शिट्टीबाईंना पाहिलं आणि खुर्चीतून ताडकन उठून उभी राहिली. पाय जुळलेले, हात बाजूला.

"बाई, नमस्ते."

शिट्टीबाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "सातवी ब. उशिरा येणारी."

"हो बाई."

"किती फेऱ्या पळवलं असेल मी तुला?"

"मोजल्या नाहीत बाई. पण अजूनही वेळेत येते."

बुलबुल आणि अक्का पोट धरून हसले. शिट्टीबाई मागच्या सोफ्यावर बसल्या, पिशवीतून विणकाम काढलं, आणि आता चारपर्यंत वेळ कसा काढायचा या विचारात पडल्या.

पहिलं गाणं सुरू झालं. दणक्याने काठ्या एकमेकींवर चार वेळा टक टक केल्या आणि सगळे निघाले. शिट्टीबाई विणत होत्या. त्यांच्या सुया आपोआप गाण्याच्या ठेक्यात पडायला लागल्या, पस्तीस वर्षं ठेक्यात चालवण्याची सवय ती. दुसरं कडवं आलं आणि त्यांची सुई अडखळली. त्यांनी मान वर केली. तिसऱ्या कडव्याला दोन टाके सुटले. गाणं संपलं तेव्हा अक्काला धाप लागली होती आणि बुलबुलचे शब्द एकमेकांच्या अंगावर पडत होते.

"छान," रेकॉर्डिस्ट माइकवर म्हणाली. "एक सांगू का काका? गाणं सुरू झालं एकशे बाराला. संपलं एकशे एकवीसला."

"म्हणजे?" दणक्याने विचारलं.

"म्हणजे मिनिटाला एकशे बारा ठोके होते, ते वाढत वाढत एकशे एकवीस झाले. आपण धावतोय थोडे."

"यांचं पूर्वीपासून असंच होतं का?" पाणी प्यायला काचेच्या अलीकडे आलेल्या अक्काला शिट्टीबाईंनी हळूच विचारलं.

"छे गं! आमचा दणक्या म्हणजे भिंतीवरचं घड्याळ," अक्काही हळूच म्हणाली. "लोक त्याच्यावर घड्याळं लावायचे."

दुसऱ्यांदा घेतलं, तरी तेच. तिसऱ्यांदा त्याहून वाईट. मग रेकॉर्डिस्टने सुचवलं, की हेडफोनमध्ये टिकटिक लावू. मशीन अचूक ठोके देतं, वाजवणाऱ्याने त्यांच्याबरोबर राहायचं. आजकाल सगळे असंच करतात. दणक्या म्हणाला, लाव. लावली, आणि तिथून खरी फजिती सुरू झाली. टिकटिक एका बाजूला, दणक्या दुसऱ्या बाजूला, जसं काही दोघं एका अरुंद बोळात समोरासमोर आले आहेत आणि कुणीच वाट देत नाही. दुसरा दिवसही असाच गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याने हेडफोन काढून गालिच्यावर ठेवला. आपटला असता तर बरं झालं असतं, असं शिट्टीबाईंना वाटलं. त्याने तो फार हळू ठेवला.

"मला डोक्यात सुतारपक्षी नको," तो म्हणाला आणि बारा पायऱ्या चढून गाडीत जाऊन बसला.

लांब्याने गिटारची एक तार उगाच पिळली. मग बुलबुल थर्मासचं झाकण लावत, काढत शिट्टीबाईंजवळ आला.

"वहिनी, तुम्ही रागावणार नसाल तर बोलतो."

"रागवायचं की नाही ते ऐकल्यावर ठरवू."

"अल्बममध्ये ड्रम मशीनचे घेऊ. फोटोत तो, कार्यक्रमात तो, कव्हरवर त्याचं नाव. कुणाला कळणार पण नाही. पण हे त्याला सांगायचं कुणी? माझ्याच्याने होणार नाही. अक्का सांगायला गेली तर रडेल."

"मी रडणार नाही," अक्का म्हणाली आणि रडायला लागली.

"तुमचं तो ऐकतो, वहिनी."

शिट्टीबाईंनी विणकाम गुंडाळलं. "सांगते," त्या म्हणाल्या. "पण माझ्या पद्धतीने. आणि आठवडाभर इथं कुणी फिरकू नका."

"रेकॉर्डिंगच्या तारखा..." रेकॉर्डिस्टने सुरुवात केली.

शिट्टीबाईंनी नुसतं तिच्याकडे पाहिलं.

"आठवडाभर मी गाण्याचं बाकीचं काम करून घेते बाई," ती म्हणाली.

दोघं रोज पहाटे तळ्याभोवती दोन फेऱ्या मारत, तशा दुसऱ्या दिवशीही मारायला निघाले. पहिली फेरी झाली. दुसऱ्या फेरीत, बदकांना पाव टाकणाऱ्या म्हाताऱ्याला ओलांडल्यावर, शिट्टीबाई म्हणाल्या, "ते मशीन लावायचं म्हणतायत."

दणक्या चालतच राहिला. "हं. मला वाटलंच."

"खोटं सांगून गोड बोलणं मला जमत नाही, म्हणून सांगितलं. आता तुम्ही मला एक खरं सांगा. तुम्ही धावता का?"

"धावतो म्हणजे? आपोआप होतं."

"आपोआप पोरं पडतात हो. मोठी माणसं काहीतरी कारणाने पडतात. दुसऱ्या कडव्यापर्यंत तुम्ही ठीक असता. मग काय होतं?"

तो थांबला. बाकावर बसला. काळा चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"डावा हात," तो म्हणाला. "तिसऱ्या मिनिटाला मनगट जड व्हायला लागतं. मला भीती वाटते की गाणं संपायच्या आत काठी सुटेल. सगळ्यांसमोर. म्हणून मग... लवकर संपवावं वाटतं."

त्याने हे अडतीस वर्षांच्या बायकोलाही सांगितलं नव्हतं. शिट्टीबाई शेजारी बसल्या.

"एवढंच ना? अहो, आठशे मीटरला हेच होतं. पोरांना वाटतं दम संपणार, म्हणून शेवटच्या फेरीत जीव तोडून पळतात. आणि पळतात म्हणूनच दम संपतो. शेकडो पोरं बघितली मी अशी."

"मग काय करायचीस तू?"

"शेवटच्या फेरीला मी बरोबर पळायचे, मैदानाच्या आतल्या बाजूने. आवाज द्यायचा नाही, ओरडायचं नाही. फक्त पावलं दिसू द्यायची."

दणक्याने त्यांच्या पायांकडे पाहिलं. पांढरे कॅनव्हासचे बूट, नाड्या दुहेरी गाठीच्या.

"चला," शिट्टीबाई उठल्या. "मनगटाचं आधी बघू."

तो आठवडा दणक्याला जन्मभर लक्षात राहील असा गेला. सकाळी फिरून आल्यावर मनगटांचे व्यायाम: पाण्याने भरलेल्या अर्ध्या लिटरच्या बाटल्या धरून वर, खाली, आत, बाहेर. मग उशीवर काठ्यांनी सराव. उशी काठी उलटी उडवत नाही, सगळं काम हातालाच करावं लागतं. शिट्टीबाई समोर उभ्या राहून कदमताल करायच्या, एका जागी, गुडघे कमरेपर्यंत. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी त्यांचे गुडघे कुरकुरायचे, पण चुकायचे नाहीत.

"हळू," त्या म्हणायच्या. "कुठं आग लागलीय?"

"अगं, हे गाणं प्रेमाचं आहे."

"मग तर आणखी हळू."

तिसऱ्या दिवशी शेजारीण कसला आवाज येतो ते बघायला आली. दारातून तिला जे दिसलं ते असं: सोफ्यावर एक गृहस्थ काळा चष्मा लावून उशीला बडवतायत आणि त्यांची बायको समोर जागच्या जागी मार्च करतेय. "नंतर येते," म्हणून ती गेली ती चार दिवस आली नाही. सरावाच्या पाचव्या दिवशी दणक्याने सलग सहा मिनिटं वाजवलं आणि काठी हातातच राहिली. त्याने मनगट फिरवून बघितलं, जसं एखादं हरवलेलं भांडं कपाटात सापडावं.

सोमवारी दहाला पाच कमी असताना दोघं पुन्हा तळघरात उतरले. शिट्टीबाई या वेळी सोफ्याकडे वळल्या नाहीत. त्यांनी बूट काढले, जाड लोकरी मोजे चढवले आणि काचेच्या पलीकडे, ड्रमच्या समोर, गालिच्यावर जाऊन उभ्या राहिल्या.

"वहिनी?" बुलबुलने विचारलं.

"मी मशीन आहे," शिट्टीबाई म्हणाल्या. "सुरू करा."

रेकॉर्डिस्टने टिकटिक फक्त त्यांच्याच हेडफोनमध्ये द्यायची तयारी केली. त्यांनी सुरुवातीचे आठ ठोके ऐकले आणि हेडफोन काढून बाजूला ठेवला. "कळलं. एवढं पुरे." आणि मोज्यांतले पाय बिनआवाजी उचलले जाऊ लागले. डावा, उजवा, डावा, उजवा. दणक्याने काठ्या वाजवल्या.

पहिलं कडवं गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्याच्या तोंडाशी शिट्टीबाईंना त्याचे खांदे वर चढताना दिसले, हुबेहूब शेवटच्या फेरीच्या वळणावरची पोरं. त्यांनी काही केलं नाही. नुसतं त्याच्याकडे पाहून पाय उचलत राहिल्या, आधी उचलत होत्या तसेच. खांदे खाली आले. डावा हात पडत होता तसा पडत राहिला. गाणं संपलं, शेवटची झांज विरली, आणि मग काचेपलीकडून रेकॉर्डिस्टचा आवाज आला, थोडा चिरका.

"एकशे बारा. सुरू एकशे बाराला, शेवट एकशे बाराला. मधे एकदा एकशे तेरा झालं होतं, ते परत आलं."

"ते माझ्या गुडघ्याचं," शिट्टीबाई म्हणाल्या.

लांब्याने गिटार खाली ठेवली. सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

"हे आपण चाळीस वर्षांपूर्वी का नाही केलं?" तो म्हणाला, आणि त्या दिवसाचा रतीब संपला.

दहा गाण्यांना अकरा दिवस लागले. बुलबुलला आता नवीनच खूळ लागलं: वहिनी सगळ्यांसाठी करतात, तर माझा श्वास पण बघा. मग तो गाताना खांदे उचलतो आणि पोटाने श्वास घेत नाही, हे शिट्टीबाईंनी त्याला पाठीवर हात ठेवून दाखवलं. पूर्वी त्याच्या उंच स्वरांचं फार कौतुक व्हायचं. ते स्वर आता लागत नव्हते आणि तो ते कबूलही करत नव्हता. श्वास सुधारल्यावरही ते लागले नाहीत, पण खालचे मात्र असे भरदार लागायला लागले की अक्काने तीन चाली त्याच्यासाठी खाली उतरवल्या. आपण हे त्याच्या भल्यासाठी करतोय हे तिने त्याला सांगितलं नाही. "मला माझ्या बोटांसाठी सोयीचं पडतं," एवढंच म्हणाली. तो म्हणाला, "तुझ्यासाठी करतो अक्का."

अक्काच्या शब्दांतही फरक पडला होता. या वेळी ‘वेड’ कुठंच नव्हतं. एक गाणं होतं चष्मा शोधणाऱ्या दोघांचं, ज्यात दोघांनाही चष्म्याशिवाय चष्मा दिसत नाही. एक होतं मुलं आपापल्या घरी गेल्यावर मोठ्या पातेल्यांचं काय करायचं याचं. शिट्टीबाई ते ऐकताना पहिल्यांदा कदमताल चुकल्या. दणक्या वाजवायचा थांबला आणि म्हणाला, "काय झालं?"

"काही नाही. परत घ्या. चूक माझी."

शेवटच्या दिवशी शेवटचं गाणं होतं. गाणं मस्त उडत्या चालीचं, पण अक्काने त्याचा शेवटच ठरवला नव्हता. ‘होईल काहीतरी,’ असं तिचं म्हणणं. धृपद आलं, पुन्हा आलं, पुन्हा आलं. सगळे इतके रंगात आले की कुणीच कुणाकडे बघेना. बुलबुल डोळे मिटून मान झटकत होता, लांब्या चक्क नाचत होता, म्हणजे एका पायावरून दुसऱ्या पायावर येत होता. अक्का कीबोर्डच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत सफर करत होती. गाणं सहा मिनिटांवर गेलं, सातवर गेलं. शिट्टीबाईंचे गुडघे आता उघड उघड तक्रार करत होते. दणक्याचा चेहरा घामाने चमकत होता, पण डावा हात हलका होता आणि तो थांबायचं नाव घेत नव्हता.

आठव्या मिनिटाला शिट्टीबाईंचा संयम संपला. पस्तीस वर्षं आठशे पोरं एका शब्दात जागच्या जागी उभी करणारा तो आवाज, त्यांच्या मनात नसताना, तळघरात घुमला.

"एक साथ... थांब!"

आणि सगळे थांबले. एका ठोक्यात. झांज दणक्याने हाताने धरली, लांब्याचा पाय हवेत राहिला, बुलबुलचं तोंड उघडं राहिलं आणि आवाज मात्र बंद. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट सावधानमध्ये उभी होती.

मग अक्काला हसू फुटलं. ती हसली तशी एकेक करून सगळे हसत सुटले, आणि शिट्टीबाई तोंडावर हात धरून म्हणाल्या, "अगं बाई, बिघडवलं मी. पुन्हा घ्या, पुन्हा घ्या, मी बाहेर बसते."

"हात लावायचा नाही त्याला," बुलबुल ओरडला. "यापेक्षा चांगला शेवट माझ्या बापजन्मात झाला नव्हता!"

"शब्द स्पष्ट आलाय बाई," रेकॉर्डिस्ट म्हणाली. "तुमचा शब्द तर नेहमीच स्पष्ट येतो."

तो तसाच ठेवला, त्यांनी कितीही नको म्हटलं तरी. नंतरचं हसूसुद्धा अर्धं ठेवलं.

भांडण झालं ते कव्हरवर. चौघांच्या नावांपुढे काय काय लिहायचं ते ठरलेलं होतं: गायन, गिटार, कीबोर्ड, ड्रम. शिट्टीबाईंच्या नावापुढे काय? बुलबुल म्हणाला, ‘विशेष आभार’. अक्का म्हणाली, आभार पाणी देणाऱ्याचे मानतात. ‘ताल-मार्गदर्शन’ फार सरकारी वाटलं. दणक्या म्हणाला ‘कंडक्टर’, तर शिट्टीबाई म्हणाल्या मी काही तिकिटं फाडत नाही. शेवटी लांब्याने कागद ओढून घेतला आणि लिहिलं, ‘पाय: शिट्टीबाई’. तेच छापलं.

‘तेरावा महिना’ने जग हादरलं वगैरे काही झालं नाही. पण गाणी रेडिओवर लागू लागली, आणि ती ऐकणारे फक्त म्हातारे नव्हते. एका वर्तमानपत्राने लिहिलं, की रिकामटेकडे पहिल्यांदाच आपल्या वयाचं गाताहेत आणि त्यामुळे तरुण वाटताहेत. शिट्टीबाईंना फोन येऊ लागले ते वेगळेच, जुन्या विद्यार्थ्यांचे. कुणी डॉक्टर, कुणी बसचालक, कुणी दोन पोरांची आई. "बाई, गाडी चालवत होतो, रेडिओवर तुमचा ‘थांब’ आला आणि मी ब्रेकच मारला." "बाई, माझ्या नवऱ्याला पटत नव्हतं की हा तुमचाच आवाज, जरा फोनवर म्हणून दाखवा ना." त्या म्हणून दाखवायच्या. तिकडे नवरा गप्प व्हायचा.

मग एक कार्यक्रम ठरला. गावातल्याच मोठ्या सभागृहात, संध्याकाळी सहाला. सगळ्यांनी गळ घातली, वहिनी, स्टेजवर उभ्या राहा. शिट्टीबाईंनी साफ नकार दिला. मोजे घालून हजार लोकांसमोर मार्च करायला मी काय सर्कशीत आहे?

"मग मी कुणाकडे बघू?" दणक्याने विचारलं.

"लोकांकडे बघा. तिकीट काढून येतायत ते."

त्या तिसऱ्या रांगेत बसल्या, शेजारी रेकॉर्डिस्ट. दणक्याचा डोळा आता बरा होता, काळ्या चष्म्याची गरज नव्हती, तरी त्याने तो लावला होता, कारण बायका बघतात असं त्याचं मत होतं. पहिली दोन गाणी घड्याळासारखी गेली. तिसऱ्याला मागच्या रांगा उठल्या. चौथ्याला पुढच्या. पातेल्यांच्या गाण्यावर कोण नाचतं? पण नाचले. आणि दणक्या निघाला. एकशे बारा, एकशे पंधरा, एकशे वीस. बुलबुल धापा टाकत त्याच्या मागे, अक्काची बोटं कीबोर्डवर घसरतायत, लांब्याचे केस विस्कटलेले, आणि सभागृहातल्या आठ-नऊशे माणसांना त्याचं काही म्हणजे काही वाटत नव्हतं. शेवटच्या गाण्यात सगळ्यांनी मिळून एका आवाजात ‘थांब!’ म्हटलं, ते इतक्या उशिरा की ग्रुप आधीच थांबला होता.

कार्यक्रम ठरल्यापेक्षा अकरा मिनिटं लवकर संपला. नंतर मागच्या खोलीत दणक्या टॉवेलने मान पुसत बसला होता. शिट्टीबाई आत आल्या. तो जरा अवघडून उठला.

"कसं झालं?"

"धावलात."

"किती?"

"विचारू नका. चौथ्या गाण्यापासून ते शेवटपर्यंत."

"हात नव्हता गं दुखत. खरंच सांगतो. एकदाही नाही. मजा यायला लागली आणि..." त्याने त्यांच्याकडे चोरून पाहिलं. "तू हात वर करून खूण का नाही केलीस? मी दोनदा शोधलं तुला रांगेत, जागेवर दिसलीच नाहीस."

शिट्टीबाईंनी पर्समधून रुमाल काढून चेहरा टिपला. त्यांचा अंबाडा सुटून एका खांद्यावर आला होता, आणि एक चप्पल कुठं गेली ते त्यांना अजून सापडलं नव्हतं.

"कशी करणार?" त्या म्हणाल्या. "मी खुर्चीवर उभी होते."